रोड बाईक घेतोय: ५२, ५४ की ५६?

सड्यावरून | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दसऱ्याला रोड बाईक घ्यायचीच, असं यंदा ठरवलंय. गेली चार वर्षं हायब्रिड (सरळ हँडलची सायकल) चालवतोय. आठवड्यातून तीनदा रत्नागिरी–पावस आणि रविवारी आरे-वारेवरून गणपतीपुळे. गणपतीत ठाण्याहून चुलतभाऊ आला, तो गाडीच्या मागे आपली रोड बाईक बांधूनच. ती दोन दिवस माझ्या ताब्यात होती. तेव्हापासून हायब्रिडवर बसलं की म्हशीवर बसल्यासारखं वाटतं.

पण त्याची सायकल ५६ मापाची, म्हणजे फ्रेमचं माप ५६ सेंमी. भाट्याचा पूल ओलांडून गोळपचा चढ संपेपर्यंत नुसती मजा. पावसला पोचलो तोवर दोन्ही करंगळ्या बधिर आणि मान आखडलेली. परत येताना हात झटकत आलो.

माझी उंची ५ फूट ७ इंच, म्हणजे १७० सेंमी. जीन्सच्या पट्टीवर ३२/३० लिहिलंय, म्हणजे इनसीम (पायाची आतल्या बाजूची लांबी) ३० इंच, ७६ सेंमी धरतो. फ्रेमचं माप काढायला त्याला ०.६७ ने गुणतात, ५१ येतं. कंपनीच्या तक्त्यात १७० सेंमी हा आकडा ५२ मध्येही बसतो आणि ५४ मध्येही. घाटावरच्या ज्या दुकानात एसटीने जाऊन आलो, तो म्हणतो, "५६ तयार आहे साहेब, सीट खाली घेऊ, एकदम फिट." डिस्प्लेची आहे, डाव्या ब्रेक लिव्हरवर ओरखडा आहे, म्हणून वर सूटही देतोय.

एका माणसाची तीन-चार मापं कशी काय? जाणकारांनी सांगावं.

चाकरमानी_ठाणे | सोमवार, रात्री १०.०५

तो चुलतभाऊ मीच. करंगळ्यांचं मला का नाही बोललास? माझी उंची ५ फूट ११ आहे रे. मला वाटलं तू हात झटकतोस ते आनंदाने.

घाटकरी | सोमवार, रात्री १०.३०

सगळ्यात आधी ती ५६ डोक्यातून काढा. सीट खाली घेऊ हे दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही, सीट खाली येते. पण हँडल जवळ येत नाही. मोठ्या फ्रेमवर तुम्ही ताणून बसता, सगळं वजन तळव्यांवर येतं, तळव्याच्या बाहेरच्या कडेची नस दबते आणि करंगळी झोपते. पावसपर्यंतच्या सतरा-अठरा किलोमीटरांत हे झालं, तर १०० ला काय होईल ते बघा.

मी चिपळूणचा. २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करतो. तिला साडेतेरा तासांची मुदत असते. इतका वेळ ज्या सायकलवर बसायचं तिचं माप दुकानात काय शिल्लक आहे त्यावरून ठरवायचं नसतं.

नाना_२४इंची | मंगळवार, सकाळी ६.१५

आमच्या वेळी दोनच मापं. २२ इंची आणि २४ इंची. घरात वडिलांची २४ इंची होती, तिच्यावर सगळी भावंडं शिकली. नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारायचं. पाय पुरायला लागले की आपण मोठे झालो. कोणाच्या करंगळ्या बधिर झाल्याचं ऐकलं नाही. चालू द्या.

ओळंबा | मंगळवार, सकाळी ७.५०

नाना, त्या सायकलवर आपण ताठ बसायचो, म्हणून करंगळ्या शाबूत राहिल्या. हँडलवर भारच नव्हता. इथे पुढे वाकायचं आहे.

सड्यावरून, तुमचा घोटाळा जीन्समध्ये आहे. जीन्सचं इनसीम म्हणजे शिवणीपासून काठापर्यंतचं कापड. ती शिवण अंगापासून खाली लोंबते आणि काठ घोट्याशी संपतो, जमिनीशी नाही. सायकलला लागतं ते हाडाचं माप. मी बांधकामावर आयुष्य काढलं, त्यामुळे माझी पद्धत गवंड्याची आहे.

पाठ, ढुंगण आणि टाचा भिंतीला टेकवून अनवाणी उभं राहा. दोन पावलांत साधारण एक वीत अंतर. सुताराचा गुण्या घ्या. त्याची एक बाजू भिंतीला सपाट लावा, दुसरी दोन पायांमध्ये आडवी घालून वर ओढा. सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा. लाजून हलकं धरलंत की दोन सेंटीमीटर गेले. गुण्या नसेल तर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक चालेल, पण ते आडवं राहिलंय का ते पाणसळीने बघा. वरच्या काठाशी भिंतीवर पेन्सिलने खूण करा, खाली जमिनीपर्यंत पट्टी लावा. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. वहिनींना मोजायला सांगा, स्वतः वाकून बघायला गेलात की माप बदलतं.

सड्यावरून | मंगळवार, रात्री ८.२०

मोजलं. ८१, ८०.५, ८१.५. वहिनी हसून हसून बेजार. गुण्या शेजारच्या सुताराकडून आणला, कशाला हवाय ते सांगताना माझीच पंचाईत झाली.

८१ × ०.६७ = ५४.३. म्हणजे ५४ नक्की ना?

घाटकरी | मंगळवार, रात्री ९.१०

थांबा. तो ०.६७ चा गुणाकार वरची नळी जमिनीला समांतर असायची त्या काळातला आहे. तेव्हा सीट ट्यूबची (सीटखालच्या उभ्या नळीची) लांबी हेच सायकलचं माप. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या सांध्याच्या) मध्यापासून वरपर्यंत मोजलं ५४ भरलं, की सायकल ५४. १९९० च्या दशकाच्या शेवटी जायंट कंपनीने सायकल-रचनाकार माइक बरोज यांच्याकडून टीसीआर ही रोड बाईक करून घेतली. तिची वरची नळी मागे उतरती. मग सगळ्यांनीच तसं सुरू केलं. सीट ट्यूब आखूड झाली, सीटचा पोस्ट (दांडा) जास्त बाहेर येऊ लागला, आणि ५४ हा आकडा नुसता नावाला उरला. आज ५४ लिहिलेल्या फ्रेमची सीट ट्यूब प्रत्यक्षात ५० भरू शकते. जायंटने तर आकडे सोडून एस, एम, एमएल अशी अक्षरंच लावली. कपड्यांसारखं. एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एमसारखा असेलच असं नाही.

तेव्हा गुणाकारातून निघालं ते एवढंच की तुम्ही ५१ चे नाही. पुढचं ठरवायला स्टॅक आणि रीच बघा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंत उभं अंतर किती, तो स्टॅक. आडवं अंतर किती, तो रीच. प्रत्येक बऱ्या कंपनीच्या भूमिती-तक्त्यात हे दोन आकडे असतात. लेबलावर काहीही छापलेलं असो, हे दोन आकडे फसवत नाहीत.

खाडीपलीकडे | मंगळवार, रात्री ९.४५

एक इशारा. तुमच्या हायब्रिडचा रीच बघून तोच रोड बाईकमध्ये शोधू नका. मी तेच केलं होतं. हायब्रिडचं हँडल सरळ असतं, हात तिथेच थांबतो. म्हणून कंपनी फ्रेमच लांब करते. रोड बाईकच्या वाकड्या, ड्रॉप हँडलला हूड्स (ब्रेकच्या मुठी, जिथे हात ठेवतात) आणखी आठ-दहा सेंटीमीटर पुढे असतात. हायब्रिडएवढाच रीच घेतलात की सायकलवर बसल्याबरोबर नमस्कार घातल्यासारखं होतं. वर्षभर मी दाभोळच्या फेरीबोटीत सायकल चढवायच्या आधी मान चोळत उभी असायचे.

दुसरं म्हणजे तुम्ही पाय लांब, धड आखूड या जातीचे दिसता. ओळंबाकाका, बरोबर ना? मीही तशीच, फक्त २० सेंटीमीटरने बुटकी. अशा माणसाला पायांवरून माप काढलं की फ्रेम लांब पडते आणि धडावरून काढलं की हँडल खोल जातं.

ओळंबा | बुधवार, सकाळी ७.३०

बरोबर. १७० ला ८१ म्हणजे पाय उंचीच्या साधारण ४७.६ टक्के. खूप लांब नाहीत, पण आहेत. म्हणून यांना वर उचललेलं आणि जवळचं हँडल हवं. रेसिंगची भूमिती यांच्या कामाची नाही. एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या, आरामात बसायच्या) म्हणून ज्या सायकली विकतात त्यांचा स्टॅक जास्त आणि रीच कमी असतो. त्या बघा. ट्रेकची डोमाने, जायंटची डिफाय त्या कुळातल्या. रत्नागिरीच्या आसपास तसंही सपाट कुठे आहे? सड्यावरून खाडीत उतरा, पूल ओलांडा, पुन्हा सडा चढा. उतारावर ब्रेक धरून बसायचं आणि समोरच्या वळणावर नजर ठेवायची. मान खाली घालून पळवायचा रस्ता नव्हे हा.

सड्यावरून | बुधवार, रात्री १०.००

दोन मॉडेलं हेरली आहेत, दोन्ही ५२ आणि ५४ मध्ये मिळतात.

रेसवाली: ५२ ला स्टॅक ५३०, रीच ३७८. ५४ ला ५४५ आणि ३८४.
एन्ड्युरन्सवाली: ५२ ला स्टॅक ५५५, रीच ३७०. ५४ ला ५७५ आणि ३७५.

सगळं मिलिमीटरमध्ये. एन्ड्युरन्सच घेणार, पण ५२ की ५४? सगळीकडे लिहिलेलं असतं की दोहोंमध्ये अडकलात तर लहान घ्या.

ओळंबा | गुरुवार, सकाळी ७.४०

कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. हे शेवटपर्यंत वाचा.

दोन्ही मापांत रीचचा फरक ५ मिमी दिसतो, म्हणून वाटतं की लांबीत काही फरकच नाही. तसं नाही. तुम्हाला हँडल ज्या उंचीवर हवंय ती उंची एकच आहे, फ्रेम कुठलीही असो. ५२ वर ती गाठायला स्टेमखाली (हँडल धरणारा पुढचा आखूड दांडा) २० मिमीचे स्पेसर (कड्या) जास्त घालावे लागतील. हेड ट्यूब मागे कललेली असते, साधारण ७३ अंशांत, त्यामुळे स्टेम वर सरकवला की तो मागेही येतो. दर १० मिमी उंचीला सुमारे ३ मिमी मागे. म्हणजे ५२ वर २० मिमी चढवले की रीच ३७० वरून ३६४ वर आला. ५४ चा ३७५. खरा फरक ११ मिमी.

११ मिमी म्हणजे किती? एका स्टेमएवढा. ५४ ला ९० मिमीचा स्टेम लावलात काय आणि ५२ ला १०० चा लावून खाली स्पेसरची उतरंड रचलीत काय, तुमचे हात जवळजवळ एकाच जागी पोचतात. मग उतरंड कशाला रचायची? कार्बनच्या स्टीयररवर (स्टेम ज्या नळीवर बसतो ती) तर बऱ्याच कंपन्या सुमारे ३० मिमीच्या वर स्पेसर घालू देत नाहीत. तुम्ही ५४ घ्या आणि घेतानाच ९० चा स्टेम बदलून मागा.

"लहान घ्या" हे लवचिक अंगाच्या, हँडल खोल आवडणाऱ्या माणसासाठी ठीक आहे. तुमच्यासाठी नाही.

घाटकरी | गुरुवार, सकाळी ९.१५

काका, हिशोब मान्य, पण एक गोष्ट राहिली. ५४ घेतली आणि तरीही लांब पडली तर? ९० वरून ८० पर्यंत ठीक. त्याच्याखाली गेलं की रोड बाईकचं हँडल चटपटीत होतं, थोडं हललं तरी सायकल वळते. आरे-वारेच्या उतारावर समुद्राकडून आडवा वारा लागतो, तिथे हे नको. ५२ वर १०० चा स्टेम असला तर पुढे-मागे दोन्हीकडे जागा राहते. मी असतो तर ५२ घेतली असती.

ओळंबा | गुरुवार, सकाळी ९.४०

तुम्ही घाट चढणारे, सव्वीस वर्षांचे. यांनी वय लिहिलं नाही, पण "मान आखडली" असं लिहिलंय.

सड्यावरून | गुरुवार, दुपारी १.२०

४४. मान आधीपासूनच आखडलेली आहे, मी शिक्षक आहे.

मालवणचो_झील | गुरुवार, रात्री ८.०५

माझो अनुभव सांगतंय, माप राहूंदे बाजूक. (पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर घाटकरींना कळायचं नाही.) स्वस्तात मिळाली म्हणून मी सेकंडहँड घेतली. माप जरा मोठं, पण सीट खाली घेऊ म्हटलं. सीट पोस्ट हलेना. किनाऱ्यावरची सायकल, खारा वारा, चार पावसाळे, पोस्ट फ्रेममध्ये गंजून चिकटलेला. तेल ओतलं, रात्रभर ठेवलं, मोठा पाना लावला. शेवटी पोस्ट कापावा लागला आणि उरलेला तुकडा आतून कानशीने घासत तीन रविवार गेले. आचऱ्याच्या जत्रेला जायचं होतं सायकलने, गेलो एसटीने.

तेव्हा जुनी घेणार असाल तर माप विचारायच्या आधी पोस्ट वर-खाली करून दाखव म्हणा. आणि नवी घेतलीत तर धातूच्या पोस्टला ग्रीज लावून घ्या, दर पावसाळ्याआधी काढून पुसा. कार्बनला ग्रीज नको, त्याची खरखरीत पेस्ट वेगळी मिळते.

खाडीपलीकडे | गुरुवार, रात्री ८.४०

झील, तीन रविवार! :)

सड्यावरून, फ्रेम ठरली तरी हँडलची रुंदी आणि क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी विचारून घ्या. फ्रेमबरोबर जे येतं ते कंपनीच्या सरासरी माणसाचं असतं. खांद्याच्या दोन हाडांमधलं अंतर मोजा, हँडल साधारण तेवढंच रुंद हवं. ४२ सेंमीचं येत असेल आणि तुमचे खांदे ४० चे असतील तर बदलून मागा. माझ्या पहिल्या सायकलला १७२.५ मिमीचा क्रँक आला होता. माझ्या पायांना तो इतका मोठा की वर येताना गुडघा बरगडीला लागेल असं वाटायचं. आता १६५ आहे. शिवाय लहान फ्रेमवर हळू वळताना पावलाचा चवडा पुढच्या चाकाला घासतो, हे मला कुठल्याच दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. गुहागरच्या बाजारपेठेत सगळ्यांसमोर आडवी झाले तेव्हा कळलं. ५४ वर तुम्हाला ही भीती कमी.

चाकरमानी_ठाणे | गुरुवार, रात्री ९.००

एवढं डोकं लावण्यापेक्षा पुण्यात जाऊन बाईक फिट करून घे. मी केलंय.

घाटकरी | गुरुवार, रात्री ९.२५

सायकल घेतल्यावर फिट करून घेणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघणं. करायचं तर आधी करावं. नाहीतर तो फिटर बिचारा चुकीच्या फ्रेमवर सॅडल (सीट) पुढे-मागे करत बसतो. आणि हँडल लांब वाटलं म्हणून सॅडल पुढे ढकलायचं हा प्रकार कोणी करू नका. सॅडलची जागा गुडघा ठरवतो. हात लांब पडत असतील तर स्टेम बदला.

ओळंबा | शुक्रवार, सकाळी ७.२०

बरोबर. आणि तेही घरी करता येतं, माझं नाव उगाच नाही. क्रँक जमिनीला समांतर ठेवा, पुढच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो उंचवटा लागतो तिथून ओळंबा सोडा. तो पेडलच्या आसाजवळून गेला की सुरुवातीला पुरे. उंचीसाठी ८१ ला ०.८८३ ने गुणा, ७१.५ सेंमी येतं. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत, सीट ट्यूबच्या रेषेत. हा आकडा ग्रेग लेमाँडमुळे प्रसिद्ध झाला, १९८६, १९८९ आणि १९९० मध्ये टूर द फ्रान्स जिंकणारा तो. पण त्या काळचे पेडल आणि बूट जाड होते, म्हणून तीन-चार मिलिमीटर कमीच ठेवा. गुडघ्याच्या पुढून दुखलं तर सॅडल खाली आहे, मागून दुखलं किंवा कंबर डावी-उजवी डुलली तर वर आहे. एकावेळी तीन मिलिमीटरच हलवा.

नाना_२४इंची | शुक्रवार, सकाळी ७.४५

गुण्या, पाणसळ, ओळंबा. सायकल घेताय की माडी बांधताय?

सड्यावरून | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२.१०

मंडळी, आली सायकल. दसऱ्याला नाही, चार दिवस उशिरा, कारण ९० चा स्टेम दुसरीकडून मागवावा लागला. एन्ड्युरन्सवाली ५४, हँडल ४०, दुसऱ्या दुकानातून. तिथल्या पोराला स्टॅक-रीच विचारलं तर त्याने निमूटपणे तक्ता काढून दिला. तिथेच ठरलं.

सॅडल ७१.२ वर ठेवलंय. पहिल्या आठवड्यात ७१.५ होतं, उजव्या गुडघ्यामागे ओढ जाणवली, म्हणून तीन मिलिमीटर उतरवलं. थांबली. आज पहाटे गणपतीपुळे करून आलो, जाऊन-येऊन पन्नास. करंगळ्या शाबूत. मान थोडी भरली, पण ती इयत्ता नववीची कृपा. आरे-वारेच्या उतारावर ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वाकात) हात घालून पाहिले, पोचतात. वारा होता, हँडल स्थिर.

घाटकरी, तुमचं ५२ चं म्हणणं डोक्यात होतं, म्हणून पोराने दिली तेव्हा ५२ वर पण पंधरा मिनिटं बसून आलो. वाईट नव्हती. पण समोर स्पेसरचा मनोरा बघून ओळंबाकाका आठवले.

घाटकरी | रविवार, दुपारी १२.४०

अभिनंदन! करंगळ्या शाबूत म्हणजे काका जिंकले. पेढे चिपळूणला पाठवा.

नवशिका_देवरुख | मंगळवार, रात्री ९.३०

नमस्कार, मी नवीन आहे. धागा आत्ताच सापडला, सगळा वाचला नाही अजून. माझी उंची ५ फूट ६ इंच. परवाच घाटावर जाऊन एक सायकल बघून आलो, ५६ मापाची आहे. दुकानदार म्हणाला, सीट खाली घेऊ, एकदम फिट बसेल. सूट पण चांगली देतोय. घेऊ का?

सड्यावरून | मंगळवार, रात्री ९.३५

डाव्या ब्रेक लिव्हरवर ओरखडा आहे का?

नवशिका_देवरुख | मंगळवार, रात्री ९.३७

हो! तुम्हाला कसं माहीत?